छळातही शांती आणि आनंद: तो येतो कुठून?

आजचा विषय आपल्यापैकी काहींच्या घरातलाच आहे. ख्रिस्तावर विश्वास ठेवला म्हणून नातेवाईक बोलत नाहीत, कोणी खोली भाड्याने देत नाही, घरातली प्रार्थना बंद पाडली जाते. अशा वेळी कोणी "आनंद करा" म्हणाले, तर ते जखमेवर मीठ चोळल्यासारखे वाटते, नाही का? म्हणून आधी बघूया, की हे सांगणारा माणूस कुठे बसून सांगत होता.

फिलिप्पैकरांस पत्र अवघ्या चार अध्यायांचे आहे. त्यात आनंदाचा उल्लेख दहाहून अधिक वेळा येतो. आणि पौल तेव्हा बेड्यांत होता. आपण जगणार की मरणार, हेही ठरलेले नव्हते. म्हणजे हा सुटकेनंतरचा आनंद नव्हे.

हे पत्र ज्यांना लिहिले, त्यांनी पौलाचे हाल पाहिले होते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16 काढून बघा. फिलिप्पैत त्याला आणि सीलाला फटके मारले, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करत होते, गात होते. पाठ तर सोललेलीच होती! मग हे जमले कसे? आपल्याला त्यात तीन गोष्टी दिसतात.

पहिली, त्यांनी दुःख लपवले नाही. भेट घेऊन आलेला एपफ्रदीत मरणाच्या दारी पोहोचला होता. तो गेला असता तर दुःखावर दुःख आले असते, असे पौल मोकळेपणी लिहितो. चिंता देवापुढे मांडा, मागा आणि मागताना उपकारही माना, असे तो चौथ्या अध्यायात सांगतो. मग देवाची शांती मनाचे रक्षण करील. मूळ ग्रीकमधला हा शब्द सैनिकी पहाऱ्याचा आहे. बाहेर शिपायांचा पहारा, आत शांतीचा!

दुसरी, ते एकटे नव्हते. कोठडीत दोघे होते, बाहेर लुदियाचे घर होते. पुढे याच मंडळीने पौलाला पैसे पाठवले. म्हणून कोणाची नोकरी गेली, तर नुसते "प्रार्थना करतो" म्हणू नये, किराणा घेऊन जावे.

तिसरी, त्यांनी वैर धरले नाही. भूकंपाने दारे उघडली, तेव्हा कैदी पळाले असे समजून बंदिशाळेचा नायक जीव द्यायला निघाला. पौलाने त्याला थांबवले. त्याच माणसाने त्या रात्री त्यांच्या जखमा धुतल्या.

पण इथे एक गैरसमज होतो. शांती म्हणजे गप्प बसणे नव्हे. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडायचे ठरवले, तेव्हा पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, चौकशीविना चारचौघांत मारले, आता स्वतः येऊन बाहेर काढा. आणि त्यांना यावे लागले! आपल्यालाही संविधानाच्या कलम 25 ने धर्मस्वातंत्र्य दिले आहे. तक्रार नोंदवणे, वकील करणे हा अविश्वास नव्हे. जिवाला धोका असेल तर निघून जाणेही पाप नव्हे. दिमिष्कातून पौल पाटीत बसून निसटलाच होता.

आपल्या मराठी मंडळीलाही हे नवे नाही. नारायण वामन टिळकांचा 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि घर दुभंगले. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, पुढे परत आल्या आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'त त्या हे दिवस सांगतात, ते रडतही आणि हसतही. ताटातूट खरी होती, हसूही खरे होते.

तेव्हा बंधुभगिनींनो, आनंद वाटत नाही म्हणून आपला विश्वास कमी आहे असे समजू नका. आज रात्री चिंता नावानिशी देवाला सांगा, आणि उद्या सकाळी मंडळीतल्या एकाला तरी सांगा. सुरुवात तिथून होते.