बारा बाय छत्तीस

गेल्या महिन्यात स्टुडिओच्या किल्ल्या पुतण्याच्या हातात दिल्या. पहिल्याच ऑर्डरला त्यानं चार हजार फोटो एका सॉफ्टवेअरमध्ये ओतले आणि चहा निवायच्या आत चाळीस शीटं तयार. देखणी होती, खोटं कशाला बोलू. पण नवरीची आजी एकाही शीटवर नव्हती. डोळे मिटलेले फोटो ते सॉफ्टवेअर आपणहून बाजूला काढतं म्हणे. मंगलाष्टकं चालू असताना म्हातारी डोळे मिटूनच उभी होती, त्याला ती तरी काय करणार?

वर पुतण्या विचारतो, "काका, जुन्या हार्ड डिस्कवर ऐंशी जीबी नुसत्या पीएनजी आहेत. उडवू का?"

थांब म्हणालो. तेव्हापासून रोज रात्री ती डिस्क उघडून बसतो.

रोलच्या जमान्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. छत्तीस फोटोंचा रोल, ओढूनताणून अडतीस. आडवा फोटो आडव्या खिशात, उभा उभ्यात, झाला अल्बम. रोल बनवणाऱ्या कोनिका मिनोल्टानं २००६ साली फोटोचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं, तोवर आम्ही हप्त्यानं डिजिटल कॅमेरा घेऊन बसलो होतो.

खरी दहा वर्षं त्यानंतरची. करिझ्मा अल्बमची. बारा इंच उंच, छत्तीस इंच लांब शीट, मधोमध घडी. ३०० डीपीआयला ३,६०० बाय १०,८०० पिक्सेल. वीस लेयर चढले की एक जीबी रॅमचा कॉम्प्युटर धापा टाकायचा, त्यात भारनियमन. यूपीएस टीं टीं करायला लागला की हात आपोआप कंट्रोल-एसवर. ती सवय अजून गेलेली नाही; परवा मोबाइलवर मेसेज लिहितानाही बोटं वळवळली. (फोटोशॉप विकत घेतलेलं नव्हतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.)

घडीवर चेहरा येऊ द्यायचा नाही, कडेला अर्धा इंच कटिंगला सोडायचं, एवढं सोलापूरच्या लॅबवाल्यानं शिकवलं. बाकी डिझाइन शिकवलं गिऱ्हाइकानं. सिलेक्शनला सगळं घर यायचं. "आमच्या दाजीला मोठं घ्या की जरा." दाजी मोठे झाले की मामा बारीक होणार, आणि अक्षता पडताना मुलीच्या पाठीशी उभा तर मामाच. मग दाजींना आहेराच्या शीटवर सबंध पान. रुसलेली आत्या वरातीत नव्हती, तर हळदीतून कापून वरातीत आणली. मंडपात झाला नसेल एवढा मानपान माझ्या माऊसखाली झाला. शीटवर मोकळी जागा सोडावी असं मलाही वाटायचं, पण मोकळी जागा दिसली की गिऱ्हाईक विचारायचं, "इथं चुलत्याला बसवता येईल की?"

शीट सजवायचं सामान यायचं डीव्हीडीवर, फोटोशॉपच्या तयार फायलींत. पीएसडीच्या त्या डीव्हीडींवर माझा राग अजून आहे. हंसांची जोडी, ताजमहाल, बर्फाचे डोंगर, संगमरवरी जिने. भूम-परंड्याची नवरी नऊवारीत, मुंडावळ्या बांधून, आणि मागं स्वित्झर्लंड! ज्या वर्षी गावात टँकरनं पाणी येत होतं, त्या वर्षीच्या शीटांवर मी धबधबे लावलेत.

म्हणून स्वतःचं सामान जमवायला लागलो. तुळजापूरला जाऊन कवड्यांची माळ, परडी, संबळ, पोत यांचे फोटो काढले आणि पेन टूलनं एकेक कवडी कापून पीएनजी केली. नळदुर्गच्या किल्ल्यात पावसाळ्यात नर-मादी धबधबे वाहतात, तेव्हा पाणीमहाल टिपून आणला. आणि फोल्डर लावले ते लग्नाच्या क्रमानं: हळद, देवक, रुखवत, आंतरपाट, अक्षता, सप्तपदी, गोंधळ. रंगाप्रमाणे लावा असं एका क्लासवाल्यानं सांगितलं होतं. पण मध्यरात्री 'लाल' उघडून शंभर लाल चिजांत आंतरपाट शोधायचा कुणी?

हे सगळे फोल्डर एका डिझायनरनं पेनड्राइव्हवर 'बघायला' नेले. वर्षभरानं कवड्यांची माळ डीव्हीडीत घालून विकायला आली. माझीच माळ, एक कवडी फुटकी होती, तीसुद्धा तशीच. तीनशे रुपये देऊन मी ती डीव्हीडी घेतली.

एका फोल्डरचं नाव आहे 'आशीर्वाद'; त्यात गेलेली माणसं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा उमरगा-लोहाऱ्याकडची जी लेकरं रांगत होती, त्यांची लग्नं नेमकी या दहा वर्षांत आली. सास्तूरकडचा एक नवरदेव बँकेच्या पासबुकावरचा वडिलांचा फोटो घेऊन आला. तेवढा एकच उरलेला. निम्म्या तोंडावर गोल शिक्का. क्लोन टूलनं शिक्का काढला तर खाली हनुवटीच शिल्लक नव्हती. त्याच्या चुलत्याला विचारलं. तो बराच वेळ नवरदेवाकडं बघत राहिला आणि म्हणाला, "ह्याच्यासारखीच होती बघा." मग नवरदेवाची हनुवटी कापली, केसांना पांढरा रंग दिला, फेटा चढवला आणि बाप मंडपात उभा केला. दोन रात्री गेल्या त्यात.

पुढं कँडिड आलं, प्री-वेडिंग आलं. २०१३ साली अडोबीनं फोटोशॉप महिन्याच्या भाड्यावर देणार असं जाहीर केलं, आणि हळूहळू अल्बमऐवजी लिंक मागणारे आले. यावर मी काही बोलत नाही.

काल ते सास्तूरचं शीट पुतण्याच्या कॉम्प्युटरवर उघडलं. तेव्हा फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी फुटायची, वेलांट्या भलतीकडे पडायच्या, म्हणून सगळी नावं श्रीलिपीत टाकलेली. तो फॉन्ट त्याच्याकडं नाही. नवरा, नवरी, गाव, तिथी, सगळ्याची रोमन अक्षरांची खिचडी झाली होती. लग्नस्थळाखाली उस्मानाबाद लिहिलं होतं की धाराशिव, तेही कळेना. राजपत्रात नाव बदललं २०२३ ला, पण मी त्याच्या आधीही ज्याच्या पत्रिकेत जे असेल तेच टाकायचो.

पुतण्या मागं येऊन उभा राहिला. शीट झूम करून म्हणाला, "बापलेक अगदी सेम दिसतात हो काका." मग जरा थांबून, "अन् त्या पीएनजींचं काय करायचं?"