आधी बेल्ट, मग हवा, शेवटी स्क्रू

(लेखमाला : जुनी गाडी, चालती गाडी)

मागच्या आठवड्यात रेडिएटर आणि पाण्याच्या नळ्या पाहिल्या. या वेळी दोन तक्रारी एकत्र घेतो, कारण खेडच्या पावसाळी हवेत त्या बहुधा जोडीनेच येतात. सकाळी गाडी चालू केली की फॅन बेल्ट किंचाळतो, आणि इंजिन गरम झाल्यावरही स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं तो वेग, खाली उतरत नाही, रेस दिल्यासारखं इंजिन घोंगावत राहतं. या दोन्हींवर सगळ्यात आधी जो उपाय होतो, तोच सगळ्यात शेवटी करायला हवा. तो म्हणजे कार्बोरेटरचा स्लो स्क्रू फिरवणं.

उदाहरण प्रीमियर पद्मिनीचं घेऊ. आपल्या भागात जपून ठेवलेल्या जुन्या गाड्यांमध्ये तिची ओळख सगळ्यांना आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 बनू लागली आणि 1974 पासून ती पद्मिनी या नावाने रस्त्यावर आली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर 2003 मधली. वीस वर्षांची मुदत संपल्यावर, 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती सेवेतून गेली. घरच्या गाड्या मात्र अजून आहेत, आणि 1089 सीसीचं ते साधं इंजिन नीट राखलं तर आजही घाट चढतं.

या इंजिनात एकच बेल्ट. क्रँकची पुली त्याला फिरवते. बेल्ट पंखा, वॉटर पंप आणि डायनामो किंवा अल्टरनेटर फिरवतो. बेल्ट घसरला की तिन्ही कामं एकदम ढिली पडतात. कशेडीसारख्या चढावर पाणी तापायला लागतं आणि बॅटरी भरत नाही. आता बोगद्यामुळे तो घाट टाळता येतो, पण खेडच्या दक्षिणेला भोस्ते आहे, पुढे परशुराम आहे. चढ काही सुटत नाही.

स्लो बिघडण्याची सुरुवात कशी होते ते बघा. गणपतीला चाकरमानी गाडी घेऊन निघतो. पाऊस, भरणे नाक्याच्या अलीकडे गाड्यांची रांग, हेडलाइट चालू, वायपर चालू. 55 वॅटचे दोन दिवे म्हणजेच 12 व्होल्टवर सुमारे 9 अँपिअर, वर वायपर आणि इग्निशन. इंजिन स्लोवर, बेल्ट ढिला आणि ओला. चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो. वाटेतला कुणी तरी स्क्रू अर्धा फेरा आवळून देतो, दिवा विझतो, सगळे खूश. बेल्ट मात्र घसरतच राहतो. फक्त आता तो जास्त वेगाने घसरतो, तापतो आणि आणखी गुळगुळीत होतो. महिन्याभराने मालक दोन तक्रारी घेऊन येतो, आणि त्या दोन वेगळ्या वाटतात.

इथे एक गोष्ट माहीत असायला हवी. डायनामोच्या जुन्या गाडीत स्लोवर लाल दिवा मंद दिसणं हा दोष नाही. डायनामो इतक्या कमी फेऱ्यांत जवळजवळ काहीच करंट देत नाही. रेस दिली की दिवा विझला पाहिजे, इतकंच. अल्टरनेटर असेल तर मात्र तो स्लोवरही विझलेला हवा. हा फरक न कळल्यामुळे कितीतरी चांगल्या गाड्यांचा स्लो विनाकारण चढवला गेलाय.

म्हणून आधी बेल्ट. इंजिन बंद, चावी खिशात. बेल्टचा छेद वरून रुंद, खालून निमुळता असतो. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर बसावी तसा तो पुलीच्या खाचेत दोन्ही बाजूंनी दाबला जातो, आणि पकड येते ती त्या दोन बाजूंवरच. बेल्टचं बूड खाचेच्या तळाला टेकायचं नसतं. म्हणून पुली तपासताना खाचेच्या तळात बघा. तळ घासून आरशासारखा चमकत असेल, तर बेल्ट झिजून खाली बसला आहे किंवा पुलीच्या बाजू खाल्ल्या गेल्या आहेत. मग कितीही ताणा, किंचाळणं थांबणार नाही. नवा बेल्ट पुलीच्या कडेशी जवळजवळ समपातळीत बसतो. तो खोल बुडालेला दिसला, बाजू काचेसारख्या झाल्या असतील, आतून भेगा असतील, तर बदला. आवाज घालवायला साबण लावायची किंवा फवारा मारायची जुनी सवय सोडा. त्याने तासभर शांतता मिळते आणि खरा दोष झाकला जातो.

ताण बघायचा तो डायनामो आणि पंख्याच्या पुलीमधल्या लांब भागावर. अंगठ्याने चांगला दाबला की साधारण 10 ते 15 मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त ताणलेला बेल्टही वाईटच: वॉटर पंपाचं आणि डायनामोचं बेरिंग तो खातो, आणि ते काम बेल्टच्या किमतीच्या कितीतरी पट महाग पडतं. नवा बेल्ट घातला की दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा ताण बघा. पहिल्या काही दिवसांत तो थोडा सैल होतोच.

किंचाळणं वेगळं, खरखर वेगळी. आवाज खरखरीचा असेल तर बेल्ट काढून इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवा. त्याहून जास्त नको, कारण पाणी फिरत नसतं. आवाज गेला तर दोष बेल्टने फिरणाऱ्या भागांत आहे. मग इंजिन बंद करून प्रत्येक पुली हाताने फिरवा, वर-खाली हलवा. वॉटर पंपाची पुली डुलत असेल, खालच्या छोट्या भोकातून पाणी ठिबकत असेल, तर पंप गेला. ते पाणी बेल्टवर उडूनही तो ओरडतो. इंजिन ऑइल लागलेला बेल्ट धुऊन पुन्हा वापरू नका.

बेल्ट ठीक झाला, आता स्लो. पद्मिनीसारख्या इंजिनाला गरम झाल्यावर मिनिटाला साधारण 750 ते 850 फेरे पुरेत. स्लो जास्त का आहे, हे विचारण्याआधी केव्हा जास्त आहे ते विचारा. थंड असताना जास्त आणि गरम झाल्यावर बरोबर, तर चोक त्याचं काम करतोय. गरम झाल्यावरही जास्त, तर चोकचा नॉब आत ढकलला तरी कार्बोरेटरच्या तोंडातली पट्टी पूर्ण उघडते का ते डोळ्यांनी बघा. आपल्याकडच्या दमट हवेत चोकची तार आतून गंजते आणि नॉब आत गेला तरी पट्टी अर्धवट राहते. मग अॅक्सिलरेटरचा दांडा हाताने मागे दाबा. फेरे पडले तर स्प्रिंग थकली आहे किंवा सांधा सुकला आहे. रोगाचं नाव इतकं सोपं निघालं तर समाधान माना आणि पुढे जाऊ नका.

तरीही नाही पडले, तर स्लो स्क्रू पूर्ण मागे घ्या, पण स्क्रू किती फेरे फिरवला ते लिहून ठेवा. कार्बोरेटरमधली हवेची झडप, म्हणजे बटरफ्लाय, बंद होऊनही इंजिन मजेत चालत असेल, तर बहुतेक ते दुसरीकडून हवा घेतंय. कुठून? कार्बोरेटरच्या बुडाखालचं पॅकिंग, मॅनिफोल्डचं पॅकिंग, डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी, आणि बटरफ्लायच्या दांड्याच्या झिजलेल्या बाजू. साबणाचं पाणी बाटलीतून एकेका जागी थेंबाथेंबाने टाका. जिथे टाकल्यावर इंजिनाचा सूर बदलेल तिथे फट आहे. पेट्रोल मारून बघणारे पुष्कळ आहेत. कृपा करून ते करू नका. तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि डिस्ट्रिब्युटरची ठिणगी वीतभर अंतरावर असते. नळी बदलता येते, पॅकिंग कापून घेता येतं, दांड्याला लेथवर बुश बसवून घेता येतं. पॅकिंग पुन्हा पुन्हा जात असेल तर नट जास्त आवळून कार्बोरेटरचं बूड वाकलं आहे का ते सपाट काचेवर ठेवून बघा.

इथे आजच्या पेट्रोलचाही हात आहे. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण पातळ होतं, स्लो डळमळतो आणि लोक तो सावरायला स्क्रू चढवतात. शिवाय त्या काळच्या रबरी नळ्या इथेनॉलला धरून बनवलेल्या नव्हत्या. त्या बदलून घ्याव्यात, हे माझं ठाम मत आहे.

शेवटी टायमिंग. रेस सोडल्यावर फेरे लगेच न पडता वर अडकून हळूहळू उतरत असतील आणि वरचं सगळं ठीक असेल, तर डिस्ट्रिब्युटर उघडा. वेगाप्रमाणे टायमिंग पुढे-मागे करणारी आतली दोन वजनं गंजून किंवा वाळलेल्या ग्रीसमध्ये अडकलेली सापडतील. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास होतं. साफ करून हलकं तेल द्या.

हे सगळं झाल्यावर, इंजिन पूर्ण गरम, दिवे बंद, मग स्क्रूला हात. आधी स्लोचा, मग मिक्श्चरचा, मग पुन्हा स्लोचा, चतुर्थांश फेऱ्याने. तपासणी उतारावर करा: भोस्त्याच्या उतरणीला दुसऱ्या गिअरमध्ये पाय उचलला की इंजिनाने गाडी मागे धरली पाहिजे. चढलेल्या स्लोवर ते धरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेकचं पुढच्या आठवड्यात.