रंगीत फुग्यांची नेमबाजी

१९५६ साली हैदराबाद राज्याची विभागणी होऊन भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद हा मुलूख म्हैसूर राज्यात आला. तेव्हापासून इकडच्या मराठी घरांत पिढीगणिक अक्षर बदलत गेले. आजी देवनागरी वाचते, वडिलांचा सरकारी व्यवहार कन्नडात, नातू इंग्रजी शाळेत. अशा घरांत आजी-नातवाला एका सतरंजीवर बसविणारा एक खेळ अलीकडे आमच्या पाहण्यात येतो. मोबाईलवर रंगीत फुगे फोडण्याचा! त्यास अक्षरओळख लागत नाही. मात्र आजी दिसेल त्या फुग्यावर नेम धरतात आणि नातू कंटाळून उठतो. तो उठू नये, एवढ्यासाठी हे चार शब्द.

जपानच्या टायटो कंपनीने १९९४ मध्ये आणलेल्या ‘पझल बॉबल’ने हा प्रकार लोकप्रिय केला. खालून फुगा सोडावयाचा. एका रंगाचे तीन किंवा अधिक एकमेकांस भिडले की फुटतात. नवशिक्याचे सारे लक्ष या फुटण्याकडे असते, आणि तेथेच तो फसतो. वरचे फुगे छताला द्राक्षाच्या घडासारखे लोंबकळत असतात. देठाचे तीन मणी खुडले की खालचा घड, रंग कोणताही असो, आपोआप गळतो. ‘पझल बॉबल’मध्ये फुटलेल्या फुग्यास १० गुण, पण एक फुगा गळाला तर २०, दोन गळाले तर ४०, तीन गळाले तर ८०, अशी दुप्पट होत जाते. पाच गळाले की ३२०! म्हणून नेम धरण्यापूर्वी घड कशाला लटकला आहे ते पाहावे.

देठ बहुधा आडोशाला असतो. तेथे कॅरमची सवय कामी येते. फुगा बाजूच्या भिंतीवर आपटावा. ज्या कोनात लागेल त्याच कोनात परततो. कॅरमबोर्डावर बोरिक पावडर दगा देते, येथे ती भीती नाही.

पुढचा फुगा कोणत्या रंगाचा, हे शेजारी दिसतेच. बऱ्याच खेळांत दोहोंची अदलाबदलही करता येते. निरुपयोगी फुगा मध्ये टाकून वाट बुजवू नये, कडेला ठेवावा. एखादा रंग पटावरून साफ झाला की बहुतेक खेळांत तो पुन्हा हाती येत नाही. तेव्हा थोडे उरलेले रंग आधी संपवावेत. घाई मात्र नको. अनेक खेळांत वेळेचे बंधन नसते, नेम चुकले तरच छत खाली सरकते.

आजींच्या चुकांना आणखी एक कारण संभवते. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग पिवळसर होते आणि निळा-जांभळा यांतील फरक कळेनासा होतो. अशा वेळी पडद्याचा उजेड वाढवावा. काही खेळांत प्रत्येक रंगावर वेगळे चिन्ह उमटविण्याची सोय असते. ती नातवाकडून चालू करून घ्यावी, कारण तेथील सूचना बहुधा इंग्रजीत असतात.