पाडव्याच्या रात्रीचे दिवे आणि हायनेकचे कप्पे

मंडळी, पाहणं वेगळं आणि पाहिल्यावर अनुमान करणं वेगळं, हे मागच्या वेळी बोललो होतो. आज त्याचंच एक उदाहरण घेऊ, आपल्या वऱ्हाडातलं.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास अमरावती, अकोला, बुलढाणा, तिकडे नागपूर-चंद्रपूरपर्यंत लोकांनी आकाशातून जळत जाणारी दिव्यांची रांग पाहिली. कोणी उल्का म्हणालं, कोणी विमान पडतंय म्हणालं, आणि बघता बघता मोबाइलवर उडती तबकडीही येऊन पोचली. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं सापडलं. पुढे पवनपारला एक गोळाही मिळाला.

आता ही हकिकत कोणत्या प्रकारात घालायची?

प्रकार पाडले जे. ॲलन हायनेक यांनी. हे अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ, तिथल्या हवाई दलाचे सल्लागार. त्या हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’कडे १२,६१८ हकिकती जमल्या, त्यातल्या ७०१ शेवटपर्यंत उलगडल्या नाहीत. हायनेकनी १९७२ च्या पुस्तकात सहा कप्पे केले. तीन दुरून पाहिलेल्यांचे: रात्रीचे दिवे, दिवसा दिसलेल्या तबकड्या, आणि डोळ्यांना व रडारला एकदमच सापडलेलं. तीन जवळच्या भेटींचे, म्हणजे साधारण दीडशे मीटरच्या आतले: पहिल्यात नुसतं दिसलं, दुसऱ्यात मागे खूण उरली (गवत करपलं, गाडी बंद पडली), तिसऱ्यात आत कोणी प्राणी दिसला. पळवून नेल्याचा ‘चौथा प्रकार’ नंतर इतरांनी जोडला. त्याबद्दल मला फारसं बोलायचं नाही. तिथे साक्षीदार बहुधा एकटाच असतो आणि तपासायला हाताशी काही नसतं.

नीट बघा, या कप्प्यांमध्ये ‘परग्रहावरचं यान’ असा कप्पाच नाही. वर्गीकरण वस्तूंचं नाही, हकिकतींचं आहे. कप्पा फक्त एवढंच सांगतो की या साक्षीदाराला काय विचारायचं. लोक इथेच गोंधळतात. ‘तिसऱ्या प्रकारची भेट’ म्हटलं की भेट झालीच असं धरून चालतात. १९७७ च्या स्पीलबर्गच्या सिनेमानं त्यात भरच घातली.

आपली पाडव्याची हकिकत पहिल्या कप्प्यातली, रात्रीचे दिवे. इथे विचारायचं ते किती वेळ दिसलं, किती उंचावर, कोणत्या दिशेनं गेलं. न्यायशास्त्रातलं खोड की माणूस हे उदाहरण आठवा. दोघांत सारखं असलेलं तेवढं दिसतं, वेगळेपण दिसत नाही, म्हणून संशय. उल्का आणि रॉकेटचा तुकडा, दोन्ही जळतच येतात. पण उल्का सेकंदाला अकरा किलोमीटरच्या वर वेगानं येते, बहुतेक वेळा दोन-चार सेकंदांत संपते. कक्षेतून उतरणारा सांगाडा सेकंदाला आठेक किलोमीटरनं, अगदी तिरका येतो, फुटत फुटत जातो, म्हणून रांग दिसते आणि ती बराच वेळ दिसते. आणि हे सगळं सत्तर-ऐंशी किलोमीटर उंचावर चालतं, म्हणून अकोल्याच्या माणसाला वाटतं आपल्या शेतावरून गेलं, अमरावतीच्याला वाटतं आपल्या. खोटं कोणीच बोलत नसतं.

त्याच संध्याकाळी न्यूझीलंडहून एक रॉकेट सुटलं होतं, म्हणून आधी बोट त्याच्याकडे गेलं. वेळ जुळली एवढ्यावर कारण ठरत नाही. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षेचा हिशोब लावून सांगितलं की फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा हा तिसरा टप्पा असावा.

कोणी विचारेल, कडं तर जमिनीवर सापडलं, मग हा खुणेवाला दुसरा प्रकार का नाही? कारण दिवे जवळून कोणी पाहिले नाहीत. हायनेकच्या कप्प्यांची ही उणीवच म्हणा: दुरून दिसलेलं आणि खूण ठेवून गेलेलं, याला तिथे जागा नाही. तरी ही खूण तपासाच्या कामी येतेच. लाडबोरीचं कडं मोजता येतं, त्याचा धातू तपासता येतो. मला विचाराल तर त्या रात्री सर्वांत मोलाचं काम केलं ते, दिवे पाहिल्यावर घड्याळ बघून वेळ आणि दिशा लक्षात ठेवणाऱ्यांनी. त्यांना हसणारे पुष्कळ भेटले असतील. पण तपासणाऱ्याच्या कामी येते ती त्यांचीच साक्ष.