मोबाईलवरील बनावट संदेश : ओळख व घ्यावयाची खबरदारी

भाताचे बियाणे घेताना आपण पिशवी उलटसुलट करून पाहतो. प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग आहे का, मुदत संपली आहे का, हे वाचतो आणि पक्के बिल मागतो. मोबाईलवर आलेला संदेश मात्र कोणतीही तपासणी न करता उघडला जातो, असे आढळून येते.

भिवंडी तालुक्यात हा धोका जास्त आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. हा महामार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि गोदामे यांसाठी येथील जमिनी गेल्या. मोबदल्याची रक्कम अनेकदा बचत खात्यातच असते आणि दोन हजारांचा हप्ताही त्याच खात्यात जमा होतो. हप्त्याच्या नावाने आलेला भामटा त्यामुळे थेट मोबदल्याच्या रकमेपर्यंत पोहोचतो.

पी. एम. किसान योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाली. तीत वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात व त्यासाठी ई-केवायसी आवश्यक असते. "तुमची ई-केवायसी अपूर्ण आहे, हप्ता थांबला आहे" हा संदेश म्हणूनच खरा वाटतो. सोबत योजनेच्या नावाची एक फाईल असते. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे असतात. ही फाईल म्हणजे कागदपत्र नसून मोबाईलमध्ये शिरणारे ॲप आहे. ते उघडताच एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. 'होय' म्हटले की बँकेचा ओटीपी आपल्याआधी भामट्याच्या हाती पडतो. एवढ्यावर न थांबता काही ॲप तीच फाईल आपल्या नावाने आपल्या व्हॉट्सॲप गटांवरही पाठवितात.

पडघ्याजवळील एका भाजीपाला उत्पादकाने मला नेमके हेच सांगितले. "सर, फाईल माझ्या सख्ख्या चुलतभावाच्या नंबरवरून आली होती. त्याच्यावर संशय कसा घ्यायचा?" त्यांचे म्हणणे बरोबर आहे. संदेश ओळखीच्या नंबरवरून आला, एवढ्याने तो खरा ठरत नाही. अशा वेळी पाठविणाऱ्यास फोन करून विचारावे. अनोळखी माणसाच्या हाती देऊ नये तेवढी सावधगिरी नातेवाइकाच्या फाईलबाबतही ठेवावी लागते, हे सांगताना मलाही संकोच वाटतो. परंतु तसे करावेच लागते.

सौर पंपाच्या नावानेही अशीच फसवणूक होते. कुसुम योजनेच्या बनावट संकेतस्थळांबाबत केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०१९ पासून वेळोवेळी इशारे दिलेले आहेत. आपल्या राज्यात पंपासाठी सर्वसाधारण शेतकऱ्यास १० टक्के व अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यास ५ टक्के हिस्सा खरोखरच भरावा लागतो. भामटा नेमका तेवढाच हिस्सा मागतो, म्हणून तो लबाड वाटत नाही. संकेतस्थळाचा पत्ता शेवटाकडून वाचावा. पी. एम. किसानचा खरा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' वर संपतो. मध्ये कुठेतरी 'जीओव्ही' असून शेवट 'डॉट कॉम' असेल तर तो पत्ता सोडून द्यावा. महावितरणसारख्या संस्थांचे पत्ते मात्र वेगळे असतात. त्यामुळे पंपाचा अर्ज भरण्यापूर्वी पत्ता वीजबिलावरून किंवा कार्यालयात जाऊन खात्री करून घ्यावा. बँकांचे पत्ते रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार आता 'बँक डॉट इन' वर संपतात. नागरी व जिल्हा सहकारी बँकांनाही हे लागू आहे.

माल विकताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. व्यापारी म्हणविणाऱ्याने "कोड स्कॅन करून पिन टाका, ॲडव्हान्स जमा होईल" असे सांगितले तर पैसे आपल्याच खात्यातून जातात.

रक्कम गेलीच, तर लाजेपोटी गप्प बसू नये. प्रथम मोबाईलचे इंटरनेट बंद करावे. दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवून खाते थांबवावे व लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार द्यावी. गेलेली रक्कम पुढे एका खात्यातून दुसऱ्यात फिरविली जाते. ती काढून घेण्यापूर्वी तक्रार पोहोचली तर ती तेथेच गोठविता येते. म्हणून येथे एकेक तास मोलाचा आहे. व्यवहार क्रमांक, वेळ व संदेश जपून ठेवावेत. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, स्वतःच्या चुकीने ओटीपी दिला असला तरी बँकेस कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावयाचे असते. त्यामुळे कळविल्याची पोच अवश्य घ्यावी.

ते ॲप काढून टाकले तरी फोन जाणकाराकडून पूर्ण कोरा करून घ्यावा, त्यानंतरच त्यात पुन्हा बँकेचे ॲप टाकावे. आणि त्याच दिवशी गावच्या गटावर कळवावे की, माझ्या नावाने आलेली फाईल कोणीही उघडू नका.