फेरेट म्हणजे पाळलेलं मुंगूस नव्हे!

तळोज्यात फेज वन असो की फेज टू, इमारतींच्या कुंपणापलीकडे अजून गवत, नाले आणि मोकळे भूखंड आहेत. तिथून सकाळी एखादं मुंगूस रस्ता ओलांडताना दिसलं तर नवल नाही. पण परदेशी रील्स पाहणाऱ्यांना त्यात लगेच 'फेरेट' दिसतो. लांबट अंग, आखूड पाय, निमुळतं तोंड... साम्य आहेच. नातं मात्र फार लांबचं.

मांसभक्षी प्राण्यांच्या दोन मोठ्या शाखा आहेत. मुंगूस मांजराच्या शाखेतलं, तर फेरेट कुत्रा-अस्वलाच्या. महाराष्ट्रात फेरेटचा जवळचा नातेवाईक शोधायचा तर तो पाणमांजर, म्हणजेच ऊद. नावात मांजर असूनही हा प्राणी मांजराच्या शाखेत नाही, ही गंमतच.

फेरेटचा मूळ पूर्वज म्हणजे युरोपातला रानटी पोलकॅट. रात्री एकटा फिरणारा आणि माणसाला टाळणारा. सशांना बिळातून हुसकावण्यासाठी माणसाने त्याला जवळ केलं. तोंड बांधून बिळात सोडलेल्या अशा प्राण्यांचा उल्लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने केला आहे. पिढ्यानपिढ्या शांत पिल्लंच निवडत गेल्याने माणसाची भीती गेली आणि फेरेट तयार झाला. आजही दोघांचा संकर होतो आणि त्या पिल्लांनाही पुढे पिल्लं होतात.

गारुड्याकडचं मुंगूस मात्र पाळीव नसतं, फक्त माणसाळलेलं असतं. त्याचं पिल्लू पुन्हा रानटीच निपजणार. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मुंगूस पकडणं, विकणं आणि घरात ठेवणं गुन्हा आहे.

मग 'खरा' फेरेट आणला तर? स्वभाव बदलला तरी शरीर थंड प्रदेशातल्या पोलकॅटचंच राहिलं. घाम येऊन अंग थंड व्हावं, अशी सोय त्याच्याकडे जवळजवळ नाही. पारा तिशीच्या पुढे गेला की उष्माघाताचा धोका सुरू होतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी तो सहज पस्तिशीला टेकतो. वरून दमटपणा, आणि त्यात वीज गेली तर? मादीचा प्रश्न आणखी अवघड. नराशी संयोग झाला नाही तर ती महिनोन्महिने माजावरच राहते. शरीरात इस्ट्रोजेन वाढत जातं, हाडांतल्या मगजात रक्तपेशी बनणं मंदावतं आणि वेळीच उपचार न झाल्यास ती दगावते. म्हणून नसबंदी किंवा हार्मोनचा उपचार लागतोच, आणि तो जाणणारा पशुवैद्य आधी शोधावा लागतो. माणसाचा फ्लूही त्याला होतो. १९३३ साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी फ्लूचा विषाणू फेरेटवर प्रयोग करूनच शोधला.

कुणी 'देशी फेरेट' म्हणून मुंगसाचं पिल्लू विकताना दिसलं, तर वन विभागाचा हेल्पलाइन क्रमांक आहे १९२६.