उशिरा चालणारे मूल आणि घरचे उपचार

मूल उशिरा बसले, उशिरा चालले, तर आपल्याकडे वडीलधारी माणसे म्हणतात, "असू द्या, त्याचा बापही उशिराच चालला होता." कित्येकदा ते खरेही असते. परंतु जेव्हा ते खरे नसते तेव्हा वाट पाहण्यात मुलाचे मोलाचे महिने निघून जातात. आमच्या घरी असे चार महिने गेले, म्हणून हा विषय आम्ही लिहावयास घेतला आहे.

आमची धाकटी मुलगी आठव्या महिन्यात जन्मली. वजन एक किलो चारशे ग्रॅम. सहा महिने उलटले तरी तिची मान लटपटे. एका दवाखान्यात "टॉनिक द्या, होईल सगळे" एवढेच सांगण्यात आले आणि आम्हीही ते गोड मानून घेतले. दहाव्या महिन्यात तिला मांडीवर बसविले की ती एका अंगाला कलंडे. तेव्हा मात्र सौभाग्यवतींनी हट्ट धरला आणि आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलो.

तेथे पहिली गोष्ट समजली ती वय मोजण्याची. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय पहिली दोन वर्षे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरावयाचे असते. त्या हिशेबाने आमची मुलगी आठ महिन्यांची होती. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांची पाहणी करून २००६ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांप्रमाणे जवळजवळ सर्व मुले सव्वानऊ महिन्यांपर्यंत आधाराविना बसतात आणि दीड वर्षाच्या आत चालू लागतात. म्हणजे बसण्यास अजून थोडा अवधी होता. पण मान साधारण चौथ्या महिन्यापर्यंत सावरावयास हवी, ती आठव्यातही सावरली नव्हती, ही खरी खूण. डॉक्टरांनी डोळे व कान आधी तपासून घेतले. ज्या मुलास ऐकू येत नाही ते हाकेला वळत नाही, आणि लोक त्याला मंद म्हणून मोकळे होतात.

येथे एक कबुली दिली पाहिजे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथे सुरू झाला. त्याखाली अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा मोफत तपासणी होते आणि वाढीत विलंब दिसल्यास पुढील केंद्राकडे पाठविले जाते. बँकेत दिवसभर दुसऱ्यांना सरकारी योजनांचे फॉर्म समजावून सांगणाऱ्या आम्हांस ही योजना ठाऊक नव्हती!

व्यायाम शिकविणाऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितले की, आठवड्यातून एक तास त्या करतील त्याने काही होणार नाही. जे होईल ते घरी, रोजच्या कामात. ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज नावाचे गाव आहे. तेथे १९६९ साली खेड्यापाड्यांतील मुलांसाठी ती सुरू झाली. शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी येई, आईला एखादी लहानशी कृती दाखवी, आणि पुढील आठवड्यात ती जमली की नाही ते पाही. आपल्या जिल्ह्याला यात नवल वाटू नये. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावोगावच्या बायकांना, ज्यांत निरक्षर होत्या, दलित होत्या, शिकवून आरोग्य सेविका केले. त्या कामाला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. साधी बाई शिकविल्यास दवाखान्याचे बरेचसे काम घरात करू शकते, हे आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच दिसून आलेले आहे.

आता प्रत्यक्ष काय केले ते सांगतो. टॉवेलची गुंडाळी करून ती छातीखाली ठेवून मुलीस पालथे निजवावयाचे आणि समोर पितळी वाटी वाजवावयाची, म्हणजे ती मान उचलते. सुरुवातीस तीन सेकंद. मान सावरल्यावर दोन भिंतींच्या कोपऱ्यात बसविणे, पाठीला व दोन्ही अंगांना आपोआप आधार मिळतो. पुढे पाटावर खेळणी ठेवली. बोटांच्या चिमटीसाठी ताटलीत ज्वारीचे दाणे, पण तेही शेजारी मोठे माणूस बसलेले असतानाच. मुले दाणा नाकात घालतात. उभे राहावयाची वेळ आली तेव्हा शेजाऱ्यांनी चाकांचा, आत बसवावयाचा वॉकर आणून दिला. ताईंनी तो परत पाठविला. त्यात मूल टाचा न टेकता पळते, तोल शिकत नाही, आणि पायऱ्यांवरून पडण्याची भीती निराळीच. त्यापेक्षा मागे उभे राहून ढकलावयाचा आपला लाकडी पांगुळगाडा बरा; त्यावर दोन विटा ठेवल्या की तो सुसाट सुटत नाही.

आमच्या वाट्याला नोंदी ठेवण्याचे काम आले. एका जुन्या वहीत रकाने आखले: तारीख, कृती, किती वेळा, आधाराने की आधाराविना. सौभाग्यवती हसल्या, "येथेही खातेवहीच!" परंतु तिचा उपयोग झाला. बाराव्या महिन्यात मुलीस न्यूमोनिया झाला. तीन आठवड्यांनी घरी आलो तेव्हा बसणे पुन्हा गेलेले. घरात सगळ्यांचा धीर सुटला. आमच्या मातोश्री म्हणाल्या, पुरे करा लेकराचा छळ. तेव्हा वहीची मागील पाने उलटून पाहिली. तीन सेकंदांपासून एक मिनिटापर्यंत यावयास पूर्वी नऊ आठवडे लागले होते. या वेळी चार लागले.

ओझे मात्र सारखे वाटले गेले नाही, हे लिहिले पाहिजे. आम्ही सायंकाळी सहाला घरी येऊन वही भरणार. दिवसभर जमिनीवर बसून तीच वाटी शंभरदा वाजविणारी तिची आई. तिने शिवणकाम सोडले ते दोन वर्षे. अखेर मातोश्रींनी दुपारचा पाळा घेतला, तोही आपणहून, नात प्रथमच "आजी" म्हणाली त्या आठवड्यात.

मुलगी अडीच वर्षांची असताना खाटेपासून दारापर्यंत सात पावले चालली. आज ती चार वर्षांची आहे. अंगणवाडीत चालत जाते, डावा पाय किंचित ओढते, शब्द बोलते पण लांब वाक्य तुटते. पायऱ्या अजून कठड्याला धरून. वहीतील परवाची नोंद अशी: जिना, पाच पायऱ्या, एक हात सोडून.